प्रकल्प नोंदी: पहिल्या अणुबॉम्बचा मराठी कालपट

१२ मे २०२५

ऑगस्टमध्ये वाचनालयाच्या सभागृहात लावायच्या कालपटाचा आराखडा आज ठरला. डिसेंबर १९३८ मधील अणुविखंडनाच्या शोधापासून ऑगस्ट १९४५ पर्यंतचा काळ एका सलग भिंतीवर मांडायचा आहे. कोणत्या टप्प्याला किती जागा द्यायची, हा पहिला वाद होता. मंडळातील बहुतेकांचा कल न्यू मेक्सिको राज्यातील लॉस अलामॉसची, बॉम्बची रचना करणारी प्रयोगशाळा आणि तिचे संचालक रॉबर्ट ओपनहायमर यांना निम्मी भिंत देण्याकडे होता, कारण येणाऱ्या प्रेक्षकाला तेवढेच आधीपासून ठाऊक असते. मी खर्चाचे आकडे पुढे ठेवले. १९४५ च्या अखेरपर्यंत मॅनहॅटन प्रकल्पावर, म्हणजे अणुबॉम्ब बनवण्याच्या अमेरिकेच्या गुप्त योजनेवर, सुमारे १८९ कोटी डॉलर खर्च झाले. त्यांपैकी टेनेसी राज्यातील ओक रिजवर सुमारे ११९ कोटी, वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डवर ३९ कोटी आणि लॉस अलामॉसवर ७ कोटी ४० लाखांच्या आसपास गेले. म्हणजे शंभरातले जेमतेम चार डॉलर त्या प्रसिद्ध प्रयोगशाळेच्या वाट्याला आले आणि ऐंशीहून अधिक डॉलर दोन कारखान्यांत मुरले. भिंतीची वाटणी अगदी याच प्रमाणात करणे शक्य नाही, परंतु कालपटाचा कणा हाच राहील: बॉम्बची कल्पना लवकर सुचली, त्यासाठी लागणारा धातू (युरेनियम किंवा प्लुटोनियम) मात्र उशिरा मिळाला, आणि पुढच्या सगळ्या तारखा त्या धातूच्या उपलब्धतेने ठरल्या.

१९ मे

सुरुवातीचा भाग आटोपशीर ठेवला आहे. ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांचा बर्लिनमधील प्रयोग, लीझे माइट्नर आणि ओटो फ्रिश यांनी त्याचा लावलेला अर्थ, आणि २ ऑगस्ट १९३९ ही तारीख असलेले, आइनस्टाइन यांच्या सहीचे व लिओ झिलार्ड यांच्या पुढाकाराने लिहिले गेलेले राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र, हे तिन्ही एकाच फलकावर बसले.

आइनस्टाइन यांच्या पत्रापेक्षा मार्च १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांनी तयार केलेल्या टिपणाला मी अधिक ओळी दिल्या. पत्राने अमेरिकेत एक समिती नेमली गेली आणि काम रेंगाळत राहिले. टिपणाने मात्र प्रश्नाचे मापच बदलून टाकले, कारण युरेनियम-२३५ हा समस्थानिक, म्हणजे युरेनियमचाच किंचित हलका प्रकार, वेगळा काढता आला तर बॉम्बसाठी टनावारी नव्हे, तर काही किलो धातू पुरेल, असे त्यात गणिताने दाखवले होते. निर्वासित असल्यामुळे हे दोघेही रडारच्या गोपनीय संशोधनापासून दूर ठेवले गेले होते. ज्यांच्या हाती युद्धाचे महत्त्वाचे काम द्यायचे नाही असे ठरले, त्यांना या गणितासाठी वेळ मिळाला. या टिपणातून ब्रिटनची मॉड समिती उभी राहिली आणि तिच्या १९४१ च्या अहवालाने अमेरिकी शास्त्रज्ञांची चालढकल संपवली.

२ जून

खनिजाचा फलक लिहून झाला. मॅनहॅटन प्रकल्पाचे प्रमुख म्हणून जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांची नेमणूक १७ सप्टेंबर १९४२ रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे सहायक केनेथ निकोल्स न्यूयॉर्कमध्ये एडगर सेंजिए या बेल्जियन खाण अधिकाऱ्यासमोर बसले होते. सेंजिए यांनी बेल्जियन काँगोतील शिंकोलोब्वे खाणीतले सुमारे १,२०० टन युरेनियम खनिज युद्धाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत आणून स्टेटन आयलंडवरील एका गोदामात ठेवले होते. खनिज असाधारण समृद्ध होते. त्यात साठ टक्क्यांहून अधिक युरेनियम ऑक्साइड होते, तर इतरत्र एक टक्का मिळाला तरी खाण किफायतशीर मानली जाई. हा सौदा त्याच भेटीत झाला.

फलकावर ग्रोव्ह्ज आणि सेंजिए यांची छायाचित्रे आहेत. खाणीत हाताने खनिज निवडून पोती भरणाऱ्या काँगोली मजुरांचे नाव लावता येईल असे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. ती जागा दुसऱ्या चित्राने भरू नये, मजुरांविषयीचा मजकूर तिथेच मोठ्या अक्षरांत छापावा, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

९ जून

ओक रिजवर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. नैसर्गिक युरेनियममध्ये उपयोगी युरेनियम-२३५ केवळ ०.७ टक्के असते. उरलेला युरेनियम-२३८ रासायनिक गुणधर्मांत त्याच्यासारखाच असल्यामुळे कोणत्याही आम्लाने किंवा द्रावकाने दोघांना वेगळे करता येत नाही. फरक आहे तो वस्तुमानातील सव्वा टक्क्याचा, आणि तेवढ्या फरकावर सगळा कारखाना उभा करायचा होता. वाय-१२ या कारखान्यात युरेनियमचे आयन प्रचंड विद्युतचुंबकांमधून अर्धवर्तुळात फिरवले जात. हलका आयन किंचित आतल्या बाजूने वळे आणि वेगळ्या कप्प्यात पडे.

या चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी तांबे हवे होते आणि युद्धामुळे तांब्याची टंचाई होती. निकोल्स अमेरिकेच्या वित्त विभागाकडे गेले आणि त्यांनी चांदी उसनी मागितली. टनांत सांगितलेला आकडा ऐकून तिथले अधिकारी डॅनियल बेल यांनी, आमच्याकडे चांदी ट्रॉय औंसांत मोजतात, असे त्यांना सुनावले. अखेर सुमारे १४,७०० अमेरिकी टन चांदी सरकारी खजिन्यातून निघून चुंबकांत गेली. तिचा हिशेब इतका काटेकोर ठेवला होता की यंत्रावर काम केलेल्या ठिकाणचा कीससुद्धा गोळा केला जाई, आणि शेवटचा हप्ता १९७० मध्ये परत करण्यात आला. आमच्याकडील वाचकाला चांदीचा भाव कळतो, त्यामुळे या फलकाजवळ गर्दी थांबेल अशी माझी अटकळ आहे.

यंत्रांसमोर उंच स्टुलांवर बसून काटे ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याचे काम टेनेसीच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, नुकतीच शाळा संपवलेल्या तरुणींकडे होते. काटा डावीकडे सरकला तर कोणते बटण फिरवायचे एवढेच त्यांना शिकवलेले होते. काय तयार होत आहे, हे विचारायचे नाही, असा दंडक होता. चुंबकांच्या इतक्या जवळून ये-जा करताना केसांतल्या पिना ओढल्या जात. निकोल्स यांनी या मुलींची आणि अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या डॉक्टरेटधारक शास्त्रज्ञांची उत्पादनाची शर्यत लावली, आणि ती मुलींनी जिंकली. शास्त्रज्ञ प्रत्येक हेलकाव्याचे कारण शोधत बसत, मुली काटा जागेवर आणून पुढे जात.

याच फलकावर आणखी एक वाक्य आहे, जे काढून टाकण्याची सूचना आली होती आणि मी ती मानली नाही. १९४५ मध्ये ७५,००० वस्तीपर्यंत पोहोचलेल्या या नव्या शहरात कृष्णवर्णीय कामगारांना लाकडी खोपट्यांत राहावे लागे आणि त्यांच्यातल्या नवरा-बायकोलाही वेगवेगळ्या वस्तीत ठेवले जाई.

२१ जून

हॅनफर्ड. प्लुटोनियमचा मार्ग वेगळा होता. युरेनियम-२३८ अणुभट्टीत न्यूट्रॉन पकडतो आणि त्याचे रूपांतर होत होत प्लुटोनियम तयार होते. ते वेगळे मूलद्रव्य असल्यामुळे रासायनिक प्रक्रियेने काढता येते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या प्रेक्षकगॅलरीखालच्या स्क्वॉश कोर्टमध्ये एन्रिको फर्मी यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचून स्वयंनिर्वाही साखळी अभिक्रिया घडवली होती. तिला औद्योगिक आकार देण्यासाठी कोलंबिया नदीचे थंड पाणी आणि वस्तीपासून दूर असलेली जमीन हवी होती. दूर म्हणजे रिकामी नव्हे. हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स या गावांतील सुमारे दीड हजार माणसांना १९४३ मध्ये अल्प मुदतीच्या नोटिसा देऊन उठवण्यात आले आणि वानापम या मूळ रहिवाशांची नदीकाठची मासेमारीची ठिकाणे बंद झाली. धरणांच्या आणि प्रकल्पांच्या विस्थापनाच्या कथा ऐकलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला या दोन ओळींचे अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.

झेनॉनचा प्रसंग मात्र मी सविस्तर लिहिला आहे. बी अणुभट्टी सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस सुरू झाली, काही तास नीट चालली आणि मग कोणी हात न लावता तिची शक्ती उतरत जाऊन ती विझली. काही तासांनी ती पुन्हा जागी झाली आणि पुन्हा तेच घडले. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी या तासांच्या अंतरावरूनच कारण ओळखले: विखंडनातून निर्माण होणारा झेनॉन-१३५ हा वायू न्यूट्रॉन अधाशासारखे शोषतो, आणि सुमारे नऊ तासांच्या अर्धायुष्यानुसार त्याचा क्षय होत गेला की भट्टी परत चालू होते. तोडगा आधीच बांधून तयार होता. शास्त्रज्ञांनी युरेनियम भरायच्या १,५०० नलिका पुरेशा आहेत असे सांगितले होते. ड्यूपाँट कंपनीच्या अभियंत्यांनी सावधगिरी म्हणून २,००४ नलिकांची सोय ठेवली होती आणि त्याबद्दल शास्त्रज्ञांची टीकाही सहन केली होती. जादा नलिकांत युरेनियम भरल्यावर झेनॉनवर मात करण्याइतकी अभिक्रिया वाढली. ही जादा सोय नसती, तर भट्टीची नव्याने बांधणी करावी लागली असती आणि ऑगस्ट १९४५ मध्ये प्लुटोनियमचा बॉम्ब तयार नसता.

२९ जून

लॉस अलामॉसचा फलक वीजकपातीमुळे दोन बैठकांत संपवावा लागला. इथेही मी व्यक्तींऐवजी धातूच्या अडचणीपासून सुरुवात केली. बंदुकीच्या नळीसारख्या नळीतून एक तुकडा दुसऱ्यावर झाडायचा, ही सोपी रचना दोन्ही धातूंसाठी वापरायची असे ठरले होते. १९४४ च्या वसंत ऋतूत एमिलिओ सेग्रे यांच्या गटाने अणुभट्टीतून आलेल्या प्लुटोनियमची तपासणी केली, तेव्हा त्यात प्लुटोनियम-२४० ची भेसळ आढळली. तिचे अणू आपोआप फुटत असल्यामुळे दोन तुकडे पुरते जवळ येण्याआधीच स्फोट फुसका ठरला असता. जुलै १९४४ मध्ये प्लुटोनियमच्या बंदुकीची योजना सोडून देण्यात आली. त्या वेळी हॅनफर्डचे अफाट बांधकाम तर पूर्णत्वाला येत होते.

उरला मार्ग अंतःस्फोटाचा, म्हणजे प्लुटोनियमचा गोळा भोवतालच्या स्फोटकांनी सर्व बाजूंनी एकदम दाबण्याचा. पाण्याने भरलेला फुगा दोन्ही हातांनी दाबला, तर बोटांच्या फटीतून तो निसटून बाहेर येतो. फट कुठेच राहू नये, ही इथली अट होती. सेथ नेडरमायर यांची मूळ कल्पना, जॉन फॉन नॉयमन यांचे गणित आणि जॉर्ज किस्टियाकोव्स्की यांनी घडवलेली, वेगवान व मंद स्फोटकांची भिंगे यांतून वर्षभरात ती अट पुरी झाली. ही रचना इतकी गुंतागुंतीची होती की चाचणीशिवाय तिच्यावर कोणाचाच विश्वास बसला नसता. ती चाचणी १६ जुलै १९४५ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाली. आसपासच्या रहिवाशांना आधी सूचना दिली नव्हती आणि नंतर दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाल्याचे सांगण्यात आले. किरणोत्सारी धूळ त्यांच्या अंगणांत, पाण्यात आणि गुरांच्या पाठींवर पडली.

७ जुलै

आजची बैठक भगवद्गीतेच्या श्लोकावरच संपली. ओपनहायमर यांनी बर्कली येथे आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृतचे धडे घेतले होते आणि अकराव्या अध्यायातील ‘कालोऽस्मि’ या श्लोकाचा उल्लेख त्यांनी चाचणीच्या संदर्भात केला, हे दोन्ही खरे आहे. तो प्रसिद्ध उल्लेख मात्र १९६५ मधील दूरचित्रवाणी मुलाखतीतला, म्हणजे वीस वर्षांनंतरचा आहे. त्यांचे बंधू फ्रँक त्या पहाटे शेजारीच होते आणि त्यांच्या आठवणीनुसार तेव्हा उद्गारले गेले ते एवढेच, की जमले. श्लोक प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लावावा, असा दोघांचा आग्रह होता. आपल्या ग्रंथाचा उल्लेख झाला म्हणून त्या स्फोटाकडे किंचित कौतुकाने पाहण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि तिला खतपाणी घालावेसे मला वाटत नाही. श्लोक १९६५ या वर्षासह छोट्या चौकटीत राहील.

भारताचा खरा समकालीन दुवा हवाच असेल, तर होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी टाटा विश्वस्त मंडळाला लिहिलेले पत्र अधिक उचित आहे. अणुऊर्जा वीजनिर्मितीसाठी वापरात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असे त्यांनी त्यात लिहिले होते, आणि त्या वेळी ओक रिज व हॅनफर्डची नावे जगाला ठाऊकही नव्हती. त्यातूनच पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली.

१४ जुलै

बॉम्ब वापरण्याचा निर्णय. भूगोलाच्या बाईंनी विचारले, की निर्णय नेमका कोणी आणि कधी घेतला, ती तारीख द्या. अडचण अशी, की तशी एक तारीख नाही. मे १९४५ मध्ये लक्ष्य समिती शहरांची यादी करत होती आणि अंतरिम समिती पूर्वसूचनेशिवाय वापराची शिफारस करण्याकडे झुकत होती. ११ जून रोजी जेम्स फ्रँक यांच्या समितीने निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवावे असे सुचवले. १७ जुलै रोजी झिलार्ड यांच्या अर्जावर ७० शास्त्रज्ञांच्या सह्या झाल्या, पण तो राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत वेळेत पोहोचला नाही. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी क्योटो शहर यादीतून हट्टाने वगळले, म्हणून ते वाचले.

या सगळ्या काळात धातूचे वेळापत्रक आपल्या गतीने पुढे सरकत होते. जर्मनीतील पॉट्सडॅम येथे परिषदेसाठी गेलेल्या अमेरिकी नेत्यांना वॉशिंग्टनहून कळवले गेले, की १ ते ३ ऑगस्टला थोडी शक्यता आहे, ४ व ५ ऑगस्टला चांगली शक्यता आहे आणि १० ऑगस्टपूर्वी जवळजवळ खात्री आहे. त्यानंतर २५ जुलै रोजी जनरल थॉमस हँडी यांच्या सहीने जनरल कार्ल स्पाट्स यांना लेखी आदेश निघाला. साधारण ३ ऑगस्टनंतर हवामान अनुकूल होताच हिरोशिमा, कोकुरा, निगाता आणि नागासाकी यांपैकी एका लक्ष्यावर पहिला बॉम्ब टाकावा, आणि पुढचे बॉम्ब जसजसे तयार होतील तसतसे टाकत जावेत, असा त्याचा आशय आहे. फलकावर या दुसऱ्या कलमाखाली मी जाड रेघ ओढली आहे, कारण नागासाकीसाठी वॉशिंग्टनहून वेगळा आदेश कधी निघालाच नाही. जपानला शरण येण्यास सांगणारा पॉट्सडॅम जाहीरनामा या आदेशाच्या दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला प्रसिद्ध झाला.

बॉम्बशिवाय जपान शरण आला असता का, यावर दोन्ही बाजूंचे मुद्दे भिंतीवर समोरासमोर मांडावेत, अशी मागणी होती. मी ती नाकारली. भिंतीवर तो वाद शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसारखा दिसू लागतो आणि आदेशाच्या कागदावर स्वच्छ दिसणारी गोष्ट झाकली जाते: त्या आठवड्यांत बॉम्ब टाकण्यासाठी नव्हे, तर थांबवण्यासाठी कोणीतरी नव्याने निर्णय घेण्याची गरज होती.

२४ जुलै

हिरोशिमाचा फलक. बॉम्बमध्ये सरासरी ८० टक्के युरेनियम-२३५ असलेले सुमारे ६४ किलो युरेनियम होते, म्हणजे ओक रिजमध्ये तोवर तयार झालेला जवळजवळ सगळा साठा. त्याचा एक भाग घेऊन इंडियानापोलिस ही युद्धनौका २६ जुलैला प्रशांत महासागरातील टिनियन बेटावर पोहोचली. चार दिवसांनी ती जपानी पाणबुडीने बुडवली आणि जवळपास १,२०० खलाशांपैकी ३१६ वाचले. दुसरा बॉम्ब करण्याइतका धातू नसल्यामुळे या रचनेची पूर्ण चाचणी कधीच झाली नव्हती. तिची पहिली चाचणी ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी एका शहरावर झाली. आयोई पुलावर नेम धरलेला बॉम्ब शिमा रुग्णालयावर सुमारे ५८० मीटर उंचीवर फुटला. त्यातल्या ६४ किलोपैकी एक किलोहूनही कमी युरेनियमचे विखंडन झाले, तरी स्फोट सुमारे १५,००० टन टीएनटी या स्फोटकाएवढा होता.

त्या सकाळी हिरोशिमाच्या मध्यवर्ती भागात हजारो शाळकरी मुले-मुली उघड्यावर काम करत होती. हवाई हल्ल्यांतील आग पसरू नये म्हणून लाकडी घरे पाडून रुंद पट्टे मोकळे केले जात होते आणि कौले, वासे वाहून नेण्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना जुंपले होते. सकाळचा धोक्याचा इशारा मागे घेतला गेल्यामुळे काम सुरू झाले होते. त्या कामावरील सुमारे ६,००० मुले मरण पावली. अनेकांच्या आईवडिलांना ओळख पटली ती शर्टावर शिवलेल्या नावाच्या पट्टीवरून किंवा जेवणाच्या डब्यावरून. ट्रुमन यांनी त्याच दिवशीच्या निवेदनात हिरोशिमाचा उल्लेख महत्त्वाचा लष्करी तळ असा केला. तिथे लष्कराचे मोठे मुख्यालय होते हे खरे, परंतु नेम शहराच्या मध्यावर धरलेला होता. १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे दगावली, त्यांत सक्तीने आणलेले हजारो कोरियनही होते.

चित्रांचे काम पाहणाऱ्या सहकारी विचारत होत्या, की भाजलेल्या माणसांची छायाचित्रे लावायची का. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर नकोत, असे ठरले. वगळायची मात्र नाहीत.

२९ जुलै

नागासाकीचा फलक. दुसरा बॉम्ब ११ ऑगस्टला टाकायचा होता. १० तारखेपासून हवामान बिघडण्याचा अंदाज आला म्हणून तो ९ ऑगस्टवर आणला गेला. हिरोशिमात काय झाले याची शहानिशा करून त्यावर विचार करायला टोकियोला मिळालेला वेळ हवामानाच्या नकाशाने असा कमी केला. याच पहाटे सोव्हिएत सैन्य जपानच्या ताब्यातील मांचुरियात शिरले होते.

चार्ल्स स्वीनी यांचे विमान आधी कोकुरावर गेले. शेजारच्या यावाता शहरावर आदल्या दिवशी झालेल्या बॉम्बहल्ल्याचा धूर आणि ढग यांमुळे शस्त्रागार दिसेना. तीन फेऱ्या झाल्या. एका टाकीतले इंधन पंप बिघडल्यामुळे वापरता येत नव्हते. विमान नागासाकीकडे वळले आणि ११ वाजून २ मिनिटांनी सुमारे ६ किलो प्लुटोनियमचा बॉम्ब ठरलेल्या जागेपासून तीनेक किलोमीटरवर, उराकामी खोऱ्यावर फुटला. हिरोशिमाहून मोठा स्फोट असूनही डोंगरांमुळे शहराचा काही भाग वाचला. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसे मरण पावली. बातमी पोहोचली तेव्हा टोकियोत सर्वोच्च युद्ध परिषदेची बैठक शरणागतीच्या अटींवरच चालू होती.

२ ऑगस्ट

शेवटचा फलक तिसऱ्या गाभ्याचा, म्हणजे पुढच्या बॉम्बसाठीच्या प्लुटोनियमच्या गोळ्याचा आहे. १० ऑगस्ट रोजी ग्रोव्ह्ज यांनी लष्करप्रमुख जनरल मार्शल यांना कळवले, की पुढचा बॉम्ब १७ किंवा १८ ऑगस्टनंतरच्या पहिल्या अनुकूल हवामानात टाकता येईल. मार्शल यांनी त्याच कागदावर शेरा मारला, की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकू नये. त्याच दिवशी ट्रुमन यांनी मंत्रिमंडळाला सांगितले, की आणखी एक लाख माणसे मारण्याची कल्पना असह्य आहे. २५ जुलैच्या आदेशातले ते दुसरे कलम इथे रद्द झाले. आमच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा निर्णय म्हणून बिनदिक्कत तारीख टाकता आली, ती एवढी एकच. १५ ऑगस्टला जपानी सम्राटाचे भाषण प्रसारित झाले आणि तो गाभा लॉस अलामॉसमध्येच राहिला. २१ ऑगस्टला त्याच गाभ्यावर प्रयोग करताना हॅरी डॅघलियन यांच्या हातून टंगस्टन कार्बाइडची एक वीट निसटली आणि किरणोत्साराने ते पंचविसाव्या दिवशी वारले. मे १९४६ मध्ये त्याच गोळ्याने लुई स्लॉटिन यांचा बळी घेतला.

छपाईला मजकूर आज रात्री जाईल. आकड्यांची शेवटची पडताळणी भूगोलाच्या बाई करणार आहेत, आणि खर्चाचा तक्ता प्रवेशद्वाराजवळ, श्लोक लावायचा होता त्या जागी, लागेल.